कड्यावर दोन हात

मराठीत लढाईला 'दोन हात करणे' म्हणतात. हे लहानपणापासून ऐकत आलेय पण नीट विचार कधी केला नव्हता, म्हणजे दोनच का, एक का नाही वगैरे. तो विचार करायची वेळ आली एका शनिवारी रात्री साडेअकराला. आमच्या टेबलावरच्या खेळातला चोर चाळीस फुटी कड्याच्या मधोमध लटकलेला, वरून दोन गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, बाण मारतायत, आणि चोर खेळणारा मित्र मला विचारतोय, "अगं पण मी तलवार काढू शकतो की नाही, एवढंच सांग ना." आणि मला काही केल्या पटकन सांगता येईना.

ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि एक जण गेम मास्टर असतो, आमच्याकडे त्याला डीएम (डंजन मास्टर) म्हणतात आणि ते काम बहुतेकदा माझ्याच गळ्यात पडतं. डीएमने जग चालवायचं, राक्षस चालवायचे, पाऊस पाडायचा. बाकीच्यांनी आपलं कॅरेक्टर काय करतंय ते तोंडाने सांगायचं आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा, वीस बाजूंचा. फाशावरचा आकडा अधिक तुमचं कौशल्य, हे ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त झालं की जमलं. बास, खेळ एवढाच आहे, पुस्तकातली बाकीची तीनशे पानं म्हणजे या एका ओळीवर लिहिलेलं भाष्य.

तेव्हा आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची ३.५ आवृत्ती खेळायचो, २००३ सालची. या आवृत्तीबद्दल लोक कितीही नाकं मुरडोत, तिच्यात चढताना लढायचे नियम आहेत आणि ते वाचायला बसलं की लिहिणाऱ्याने खरंच विचार केलाय हे जाणवतं. चढताना तुमचा वेग एक चतुर्थांश होतो. चढायला दोन्ही हात मोकळे लागतात, पण एका हाताने भिंतीला चिकटून राहून दुसऱ्या हाताने एखादं एकहाती काम करता येतं, मंत्र म्हणता येतो, वार करता येतो. ढाल वापरता येत नाही. इकडेतिकडे सरकून वार चुकवता येत नाही म्हणून चपळाईचा जो काही फायदा बचावाला मिळत असेल तो जातो. आणि मार बसला, कितीही छोटा, की लगेच चढण्याचा फासा परत टाकायचा, फसला तर खाली.

म्हणजे तलवार काढता येते हे उत्तर पुस्तकात होतं. मला ते पान सापडेपर्यंत आणखी एक बाण लागला, त्याने फासा टाकला, सात आला, आणि चोर खाली. उठला, परत चढायला लागला, परत पडला, आणि यावेळी उठलाच नाही. मित्राने कागद पालथा ठेवला आणि म्हणाला, "चोर आहे ना तो? चढणं हेच तर त्याचं काम आहे ना?" उरलेला सगळा वेळ तो फोनमध्ये होता. रागावला असता तर बरं झालं असतं, ते नुसतं गप्प बसणं फार वाईट.

त्याचं म्हणणं ऐतिहासिकदृष्ट्याही बरोबरच होतं म्हणा. हा खेळ १९७४चा, चोर हा प्रकार पुढच्या वर्षी एका पुरवणीतून आला आणि १९७८च्या प्लेअर्स हँडबुकात पहिल्या लेव्हलच्या चोराची कौशल्यं टक्क्यांत दिलेली आहेत. कुलूप उघडणं २५ टक्के, सापळे शोधणं २०, सावलीत लपणं १०, थोडक्यात पोराला काहीच येत नाही. फक्त भिंत चढणं ८५. नवख्या चोराची तेवढी एकच गोष्ट भरवशाची होती आणि माझ्या कड्याने नेमकी तीच काढून घेतली.

सगळे गेल्यावर मी गणित मांडायला बसले. चोराचं चढण्याचं कौशल्य अधिक ६, कडा खडबडीत म्हणून ठरलेला आकडा १५. त्याचा वेग ३० फूट, त्याचा चतुर्थांश साडेसात, म्हणजे चाळीस फुटांना सहा फासे. फाशावर ९ किंवा वर आलं की पुढे, ५ ते ८ आलं की जागच्या जागी, १ ते ४ आलं की खाली कारण पाच किंवा जास्तने चुकलं की पडायचं असा नियम. जागच्या जागी राहण्याचे आकडे सोडून दिले तर प्रत्येक टप्प्यावर पुढे जाण्याची शक्यता बाराला चार, म्हणजे ७५ टक्के. ऐकायला चांगलं वाटतं. पण सहा वेळा ७५ टक्के म्हणजे ०.७५ गुणिले स्वतःला सहा वेळा, आणि ते येतं जेमतेम १८ टक्के. शंभर चोर चढवले तर अठरा वर पोचणार, तेही एकसुद्धा बाण लागला नाही असं धरून. बाण लागला की प्रत्येक वेळी पडण्याची शक्यता वेगळी ४० टक्के.

आणि गंमत बघा, त्याच खेळात असाही नियम आहे की कुणी त्रास देत नसेल तर फासा न टाकता सरळ १० आला असं धरायचं. दहा अधिक सहा सोळा. म्हणजे गॉब्लिन नसते तर हाच चोर त्याच कड्यावर शंभरातल्या शंभर वेळा चढला असता, शीळ घालत. वर दोन गॉब्लिन उभे राहिले की शंभराचे अठरा. लढाईत चढणं अवघड असावं हे मान्यच आहे, पण इतकं?

बरेच दिवस डोकं खाजवल्यावर कुठे चुकतंय ते कळलं. नियम कडक होता ते ठीक आहे, पण तो एकच प्रश्न सहा वेळा विचारत होता. पडलास का? नाही. आता पडलास का? नाही. आता? एखाद्याला दर दहा मिनिटांनी बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना विचारत राहिलं की संध्याकाळपर्यंत त्याला कणकण येतेच, तसं. आणि या सगळ्यात खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नव्हतं, तो फक्त फासा टाकत होता आणि मी निकाल वाचून दाखवत होते. त्याने विचारलेला एकमेव खरा प्रश्न होता तलवार काढू का, म्हणजे हाताचं काय करू, आणि नेमकं त्यावर मी पानं उलटत बसले.

दोन हात करायला दोन हात लागतात आणि कड्यावर ते आधीच कामाला लागलेले असतात. झालं, एवढाच विषय आहे.

पडण्याबद्दल मात्र थोडं विषयांतर करते कारण त्याशिवाय राहवत नाही. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे, हा पडण्याचा नियम आवृत्त्या बदलल्या तरी टिकून राहिलाय. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की उंचीबरोबर मार सरळ रेषेत वाढतो हे खोटं आहे. मला उलट वाटतं. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा उंचीच्या प्रमाणातच वाढते, दुप्पट उंची दुप्पट ऊर्जा, शाळेतलं फिजिक्स. भानगड पलीकडच्या बाजूला आहे, हिट पॉइंटच्या, म्हणजे कॅरेक्टर किती मार सोसू शकतं त्या आकड्याच्या. शंभर फुटांवरून पडलं की दहा फासे, सरासरी ३५, अगदी सगळे सहा आले तरी ६०. आणि दहाव्या लेव्हलचा योद्धा ८० हिट पॉइंट घेऊन फिरत असतो. त्याला मरणं जवळजवळ शक्यच नाही आणि हे त्यालाही माहीत असतं. आमच्या एका योद्ध्याने खरंच एकदा "दोर कोण बांधत बसणार" म्हणून कड्यावरून उडी मारली, खाली उठून कपडे झटकले आणि दार ठोठावलं. सगळे हसले, मीही हसले, पण त्या दिवसापासून त्या मोहिमेत कुठल्याही उंचीला काही अर्थ राहिला नाही. भीती गेली की कडा नुसता जिना होतो. पहिल्या लेव्हलला कडा म्हणजे मरण आणि दहाव्याला जिना, आणि या दोन्हीच्या मधे कुठेतरी जी मजा असायला हवी ती फाशांच्या आकड्यात सापडत नाही, ती दुसरीकडूनच आणावी लागते.

वेळेचंही तसंच. चाळीस फूट म्हणजे साधारण बारा मीटर, पडायला दीड सेकंदाच्या जरा वर लागतं. या खेळातला एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा. आणि आमच्याकडे कुणी पडायला लागलं की टेबलावर दोन मिनिटं चर्चा चालते, कोण हात देणार, कोण मंत्र म्हणणार, आणि पडणारा स्वतः मधेच एक डायलॉग मारून घेतो. २०१७च्या एका पुरवणीत शेवटी लिहून टाकलं की पडलं की लगेच ५०० फूट खाली गेलात असं धरा. आकडा उगाच नाही, हवेचा अडथळा सोडला तर सहा सेकंदांत माणूस पावणेदोनशे मीटरच्या आसपास खाली जातो, म्हणजे पाचशे फुटांच्या थोडं वर, आणि हवा धरली की बऱ्यापैकी जुळतं. मला असे आकडे सापडले की उगाचच आनंद होतो.

असो. २०१४ची पाचवी आवृत्ती आली तेव्हा आम्ही सगळे तिच्यावर गेलो आणि मी सगळ्यात आधी चढण्याचं पान काढलं. तिथे लिहिलंय की चढताना प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च होतो, म्हणजे वेग अर्धा. भिंत निसरडी असेल किंवा पकडायला फार काही नसेल तर डीएमला वाटलं तर फासा. संपलं. हातांचं नावच नाही. चढताना वार कसा करायचा, मार बसला तर काय, काही म्हणजे काहीच नाही. म्हणजे शब्दशः धरलं तर ३० फूट वेगाचा माणूस १५ फूट भिंत चढून दोन हातांची अवजड तलवार फिरवू शकतो, भिंतीला काय पाठीने चिकटलाय की काय कोण जाणे. आणि असा प्लेअर भेटतोच. "पुस्तकात कुठे लिहिलंय मी धनुष्य चालवू शकत नाही?" आता काय बोलणार, नाहीये लिहिलेलं.

मजा म्हणजे त्याच पुस्तकात पाण्याखाली लढायचे नियम आहेत. घोड्यावर बसून लढायचे आहेत. डीएमच्या पुस्तकात तर ऐच्छिक नियम म्हणून अवाढव्य राक्षसाच्या अंगावर चढून त्याला भोसकायचाही नियम आहे, वर चढलात की वाराचा फासा दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायचा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. राक्षसावर चढता येतं, साध्या भिंतीवर लढता येतं की नाही ते मात्र ज्याने त्याने बघावं. मला याचा राग यायचा, आता तेवढा येत नाही. नियम नसला की डीएमला जागेवर ठरवावं लागतं आणि पान शोधण्यात जाणारा वेळ वाचतो, हे खरंच आहे. फक्त दर वेळी वेगळं ठरवलं जातं आणि प्लेअरला आधी अंदाज येत नाही की मी हात सोडला तर काय होईल, आणि अंदाज नसेल तर तो सोडतच नाही, कड्याला पालीसारखा चिकटून बसतो आणि "मी वर चढतो" एवढंच म्हणत राहतो.

पाथफाइंडर हा याच जातीचा वेगळा खेळ, त्याची दुसरी आवृत्ती, २०१९ची, यात मला सगळ्यात आवडते. तिथे चढायला दोन्ही हात लागतात, चढताना तुमचा बचाव दोनने घटतो, आणि कॉम्बॅट क्लाइंबर नावाचं एक छोटं फीट, म्हणजे कॅरेक्टरने कमावलेलं खास कसब, घेतलं की ती घट जाते आणि एका हातात काहीतरी धरूनही चढता येतं. म्हणजे हा माणूस भिंतीवर लढायला शिकलाय हे कॅरेक्टरच्या कागदावर दिसतं. पडण्याचा मार अंतराच्या निम्मा, फासा नाही, चाळीस फुटांना सरळ २०, आणि पहिल्या लेव्हलला तेवढ्यात माणूस आडवा होतो. पण माझी खरी आवडती गोष्ट म्हणजे पडता पडता कड पकडायची सोय. एक हात मोकळा असेल आणि फासा जमला तर पकडली, हात मोकळा नसेल तर गेलात. पण फासा फारच भारी पडला, ठरलेल्या आकड्याच्या दहा वर, तर हातात जे आहे त्यानेच अडकायचं, कुऱ्हाड कपारीत रुतवून वगैरे. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने "वा" म्हणाले होते. हात भरलेला आहे हीच अडचण आणि तीच सुटका. याला म्हणतात नियम लिहिणं.

दुसऱ्या टोकाला गोष्टीकडे झुकलेले खेळ आहेत. २०१२च्या डंजन वर्ल्डमध्ये कड्यासाठी वेगळा नियमच नाही, संकटाला तोंड देताय ना, टाका सहा बाजूंचे दोन फासे, कौशल्य धरून दहा किंवा वर आले तर जमलं, सात ते नऊ आले तर जमलं पण डीएम तुमच्यापुढे काहीतरी वाईट निवड ठेवणार. ब्लेड्स इन द डार्कमध्ये आधीच बोलून घ्यायचं की तुमची परिस्थिती आटोक्यात आहे, धोक्याची आहे की अगदी जिवावरची, आणि फसलं तर त्या मानाने भोगायचं. हे खेळ मी थोडेच खेळलेत, पण ती सात ते नऊची वाईट निवड माझ्या डोक्यात रुतून बसली. पडलास का याऐवजी काय सोडतोस असं विचारता येतं हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

मधे एका मैत्रिणीने मला इनडोअर क्लाइंबिंग वॉलवर ओढून नेलं. मला उंचीची भीती वाटते, चांगलीच वाटते, पण म्हटलं एवढे नियम वाचलेत तर एकदा हात लावून बघू. शिकवणाऱ्या मुलाने सुरुवातीलाच सांगितलं की दोन हात दोन पाय मिळून चार, त्यातले तीन कायम भिंतीवर ठेवायचे, हलवायचं ते चौथं. आणि वजन पायांवर, हात नुसते अडकवायला. हे ऐकून मी मान डोलावली आणि पुढची पाच मिनिटं फक्त हातांनी स्वतःला वर ओढत राहिले, सगळे नवखे हेच करतात म्हणे. सहासात फुटांवर मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा झाला. स्नायू सतत आवळलेला राहिला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, आणि मग बोटं तुमचं ऐकत नाहीत, सरळ उघडतात. भीतीने नाही, धाडस कमी म्हणून नाही, उघडतात म्हणजे उघडतात. हिट पॉइंट सगळे शाबूत असतात तेव्हा.

तिसऱ्या चौथ्या वेळेला जरा धीर आल्यावर मी जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर एक हात सोडून हवेत तलवार फिरवून बघितली. दोर होता, खाली गाद्या होत्या, तरीही. डावा हात डावा पाय भिंतीवर, उजवा पाय जरा निसटता, आणि उजव्या हाताने जोरात वार. वार करायला जो जोर लागतो तो पायातून, कमरेतून येतो, आणि खाली जमीनच नसेल तर तो जोर तुमच्याच अंगाला फिरवतो. मी बिजागरीवरच्या दारासारखी उघडले आणि भिंतीला पाठ लागली. शिकवणारा मुलगा खालून म्हणाला, "ताई, काय करताय?" याला काय सांगणार. पण तेवढ्यात मला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, लांब फिरवायचं हत्यार भिंतीवर बिनकामाचं, भोसकायचं छोटं हत्यार असेल तर निदान अंग जागेवर राहतं. दुसरी, दोनच ठिकाणी धरलेलं असेल आणि दोन्ही एकाच बाजूला असतील तर तुम्ही लटकलेले नसता, उघडायची वाट बघत असता.

घरी येऊन नियम लिहायला घेतले. पहिला प्रयत्न साफ फसला. मी दमण्याचे आकडे ठेवले होते, प्रत्येक राउंडला एवढे कमी, ओव्हरहँगला, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्याला, तेवढे कमी, दोर असेल तर एवढे परत. अर्ध्या तासात सगळे पेन्सिल घेऊन हिशोब करत बसले आणि एकाने विचारलं की जीएसटी धरायचा का. फाडून टाकलं.

दुसऱ्या वेळी काचेच्या गोट्या आणल्या. प्रत्येकाला चार. गोटी कागदावर म्हणजे तो हात किंवा पाय भिंतीवर, गोटी मुठीत म्हणजे मोकळा. तीन गोट्या कागदावर असतील तर तुम्ही घट्ट आहात, फासा बिसा काही नाही. दोन असतील आणि मार बसला तर फासा. एकच असेल तर मार न बसताही तुमच्या टर्नच्या शेवटी फासा. हत्यार एक गोटी खातं, ढाल एक, धनुष्य दोन. आता यात आपोआप काय होतं बघा, तलवार काढली की तीन उरतात, म्हणजे जागच्या जागी लढता येतं. पण चढायचं तर अजून एक गोटी उचलावी लागते आणि दोनच राहतात. लढ किंवा चढ, दोन्ही एकदम करायचं तर धोका पत्कर. मला हे वेगळं लिहावं लागलं नाही, गोट्यांनीच सांगितलं.

हत्यारांसाठी मी सरळ पाण्याखालचा नियम उचलला. पाचव्या आवृत्तीत पाण्याखाली ज्याला पोहण्याचा वेग नाही त्याला जवळच्या वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज असतो, फक्त खंजीर, भाला, आखूड तलवार, त्रिशूळ असली भोसकायची हत्यारं वगळून. भिंतीला हे जसंच्या तसं लागू पडतं. पाण्यात पाय टेकायला जागा नाही, भिंतीवरही नाही, वार फिरवायची अडचण एकच.

आणि फासा फसला तर लगेच पडायचं नाही. तीनपैकी एक निवडायचं. हातातली वस्तू सोड, किंवा दहा फूट घसर आणि खरचटून घे, किंवा एक गोटी माझ्याकडे दे, ती पुढच्या टर्नला मिळेल. देण्यासारखं काहीच उरलं नाही की मग पडणं. योद्धा दहाव्या लेव्हलचा असला तरी त्याची आजोबांची ढाल खाली गेलेली त्याला चालत नाही, हिट पॉइंट कितीही असोत. भीती जी आकड्यात सापडत नव्हती ती इथे आली.

"गोट्या खेळायला आलोय का आपण?" हे अर्थातच कुणीतरी म्हणालं. पण एकदा हातात आल्या की लोकं त्या घट्ट धरतात. तळवा घामेजतो. फाशाचं असं होत नाही, फासा टाकला की तुमचा राहत नाही.

अजून एक छोटी गोष्ट, जिचा परिणाम नियमांपेक्षा जास्त झाला. आम्ही नकाशा नेहमी वरून काढायचो, चौकोनांच्या कागदावर, आणि वरून बघितलं तर कडा म्हणजे नुसती एक रेघ. सगळ्यांच्या सोंगट्या त्या रेघेवर एकमेकांच्या डोक्यावर उभ्या आणि शेजारी एक कागद, कोण किती फुटांवर. एक दिवस मी नकाशा समोरून काढला, भिंत समोर दिसते तशी, चौकोन तेच पाच फुटांचे पण वर खाली. कपारी, एक झाड, एक छोटीशी बसायची जागा. लगेच लोकं वेगळं बोलायला लागली. मी तुझ्या खाली नको, तू पडलास तर मला घेऊन जाशील. त्या कपारीत आधी कोण पोचणार, तिथे बसून दोन्ही हात मोकळे होतील. वरच्या गॉब्लिनला वाकूनच वार करावा लागतोय ना, मग मी त्याचा पाय ओढतो. शिडीवरून किल्ल्याच्या तटावर चढणाऱ्या सैनिकांची जी अडचण असते तीच, रांगेत कितीही जण असोत, लढणार सगळ्यात वरचा एकटा. हे मी कधी शिकवलं नव्हतं, कागद उभा केला आणि त्यांना दिसलं.

त्या चोराच्या मित्राने मधल्या काळात दोन कॅरेक्टर बदलली होती आणि कड्याचं नाव काढलं की तो "मी खालीच थांबतो" म्हणायचा, गमतीत, पण थांबायचाही. गेल्या वर्षीच्या मोहिमेत मात्र वर जाण्याशिवाय रस्ताच नव्हता. साठ फुटी कडा, वर माणसं, पाऊस. त्याच्याकडे एक तलवार होती जी मिळवायला त्याने खरंच तीन महिने घालवले होते, दोन जुनी थडगी, एक भूत, एक फार लांबलेली घासाघीस. तलवार हातात, तीन गोट्या कागदावर. त्याच्या शेजारून, दहा फूट वर, आमची मांत्रिकीण सुटली. तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, गोट्या सगळ्या माझ्याकडे.

३.५ मध्ये पडणाऱ्याला पकडायचाही नियम होता, आधी हात लागतोय का बघायला फासा आणि मग भिंतीच्या आकड्यात दहा मिळवून चढण्याचा फासा. मला तो पाठ होता, पण मी काही बोलले नाही. मी फक्त म्हटलं, ती तुझ्या जवळून जातेय.

त्याने कागदाकडे बघितलं. तीन गोट्या. हात एक भिंतीवर, एकात तलवार. भिंतीवरचा सोडला तर दोन्ही पायांवर उभा, पावसात. मांत्रिकीण खेळणारी मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती, ती फाशाकडे बघत होती, अजून टाकायचा होता तरी. बराच वेळ गेला, दीड सेकंदाहून नक्कीच जास्त.

"सोडली," तो म्हणाला.

"काय सोडलंस?" मी विचारलं, कारण विचारावं लागतं.

त्याने मुठीतली गोटी टेबलावर ठेवली, तिच्यासमोर, स्वतःच्या कागदावर नाही. मग फासा टाकला. सोळा.

पुढच्या शनिवारी तो सगळ्यात आधी आला, बॅगही खाली ठेवली नव्हती, आणि म्हणाला, "त्या कड्याच्या खाली झाडी किती दाट आहे गं? आणि पाऊस थांबलाय का?"